रेडिओ चालू होता

डेल म्हणाला, रेडिओला काहीही झालेलं नाही.

तो बोटीच्या आत, टेबलापाशी गुडघ्यांवर बसला होता, कपाळाला छोटा दिवा बांधून. पॅनल उघडून त्याने मागच्या सगळ्या वायरी तपासल्या होत्या, डोलकाठीच्या टोकावरच्या अँटेनापर्यंत मीटर लावून बघितला होता, आणि शेवटी बंदरातल्याच कुणाशी तरी बोलूनही बघितलं होतं. पलीकडून इतका स्वच्छ आवाज आला की माणूस शेजारी बसलाय असं वाटावं. "वर्क्स ग्रेट, सॅम," तो म्हणाला. माझं नाव संग्राम, पण इथे तीस वर्षं मी सॅम आहे. "तुझी मुलगी फोनवर म्हणाली, गेल्या सप्टेंबरात हा बंद पडला होता. मग दुरुस्त कुणी केला?" मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, मग गंमतच आहे, अशा वस्तू आपोआप बऱ्या होत नाहीत. मी म्हटलं, ओल गेली असेल आत. "असेल," तो म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला. जाता जाता त्याने रेडिओवरचं लहानसं लाल झाकण नखाने उचललं. "हे मात्र लक्षात ठेव. खालचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं. बोट कुठे आहे ते कोस्ट गार्डला आपोआप कळतं. तोंडाने बोलायचीही गरज नाही." मी थँक यू म्हटलं. चहा घेणार का विचारलं. त्याला पुढच्या बोटीवर जायचं होतं. त्याच्या बुटांचा आवाज लाकडी धक्क्यावरून लांब जाईपर्यंत मी तसाच उभा राहिलो, एक हात टेबलावर ठेवून. सकाळचे दहा वाजले होते. इशिता तीनपर्यंत येणार होती.

कामं पुष्कळ होती. परवा सकाळी निघायचं ठरलं होतं, ॲनाकोर्टेसच्या या बंदरातून सूशा बेटापर्यंत आणि तिथून पुढे कॅनडाच्या बेटांपर्यंत, माझ्या बायकोने, पद्मिनीने, आखलेला दुसरा टप्पा. पहिला टप्पा आम्ही दोघांनी गेल्या उन्हाळ्यात केला, म्हणजे जवळजवळ केला. शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून फोनवर इशिता म्हणाली होती, "बाबा, वर्षश्राद्धाला भटजी वगैरे नको. आईची ट्रिप पूर्ण करू या. मी जूनमध्येच येते, सप्टेंबरची वाट कशाला बघायची." मी बरं म्हटलं. मुलीला नाही म्हणायचं कारण माझ्याकडे नव्हतं, आणि जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. पद्मिनीच्या वहीत निघण्याआधीची यादी होती, तिच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात. इंजिनाचं तेल. पाण्याच्या पंपातलं रबरी चाक बदलणे, जुनं टाकू नये, अडीअडचणीला चालतं. नांगराची साखळी बाहेर काढून धुणे. शिडाच्या शिवणी बघणे. लाइफ जॅकेटच्या गॅसच्या नळ्या. मसाले प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरणे, काचेच्या आणू नये. मेतकूट, भाजणी, कुकरची जास्तीची रिंग. आणि शेवटून दुसरी ओळ, रेडिओ चेक. त्या ओळीसमोर मी आठवडाभर खूण केली नव्हती. बाकीच्या बहुतेक ओळींसमोर खुणा होत्या. साखळी, मसाले, भाजणी आणि शेवटची ओळ, पाण्याच्या टाक्या, एवढंच राहिलं होतं.

लोकांना वाटतं बोटीवर राहायचं खूळ माझं. बेलव्ह्यूचं घर भाड्याने देऊन आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तिथला आमचा मित्र गिरीश मला म्हणाला होता, "संग्रामराव, वहिनींना कुठे समुद्रात नेताय या वयात?" मी नुसता हसलो. खूळ तिचं होतं. अकोल्याची मुलगी, अठरा वर्षांची होईपर्यंत तिने समुद्र बघितला नव्हता. पन्नासाव्या वर्षी ती वायएमसीएच्या तलावात सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबर पोहायला शिकली. मग शिडाच्या बोटीचा क्लास लावला. मला रविवारी सकाळी झोपू द्यायची आणि स्वतः जायची. परत आली की हाताला दोराने पडलेले वळ दाखवायची, मला वाटायचं, हे काय दाखवण्यासारखं आहे. बोट घेतली तेव्हा नावही तिनेच ठेवलं, 'आसावरी', अमेरिकन माणसाला म्हणता येईल असं सोपं आहे म्हणाली. बोट तीच चालवायची. मी दोर ओढायचो, भांडी घासायचो, इंजिन बघायचो. रेडिओवरही तीच बोलायची, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी बोलावं तशी, घासाघीस करायच्या सुरात. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं होतं. तीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मीटिंगा केल्या, पण मीटिंगमध्ये तोंड उघडण्याआधी माझं वाक्य मनात जुळवून तयार असायचं, क्रियापदासकट. तोपर्यंत कधी कधी विषयच बदललेला असायचा. तिला वाक्य जुळवावं लागायचं नाही. अर्धं वाक्य फेकायची आणि उरलेलं समोरच्याने उचलायचं.

मी एकदाच बोललो होतो रेडिओवर. पहिल्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये. खेकडे पकडायच्या पिंजऱ्याचा दोर आमच्या बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकला, इंजिन बंद पडलं आणि बोट हळूहळू खडकाकडे सरकायला लागली. पद्मिनी सुकाणू सोडू शकत नव्हती. ती ओरडली, "अहो, खाली जा, सोळा नंबरवर बोला!" मी खाली गेलो, माइक हातात घेतला आणि म्हणालो, "सॉरी टू डिस्टर्ब यू, सर. वुई हॅव अ स्मॉल प्रॉब्लेम, सर." पलीकडे बाई होती. तिने बोटीचं नाव तीनदा स्पेल करायला लावलं, आणि तिसऱ्यांदा माझं एक अक्षर चुकलं. तेवढ्यात वारा सुटला, पद्मिनीने शीड ओढलं, बोट खडकापासून सुटली, आणि मला पुन्हा सांगावं लागलं, सॉरी सर, प्रॉब्लेम इज सॉल्व्ड सर. सोळा नंबर हा मदत मागायचा चॅनल, तो सगळ्या बोटी ऐकत असतात. आठ दिवसांनी धक्क्यावर सगळ्यांनी मिळून सामन मासा भाजला, तेव्हा शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने माझ्यापुढे ताट धरलं आणि म्हणाला, "सॉरी टू डिस्टर्ब यू, सर." सगळे हसले. वाईट हेतूने नाही, मला ते कळत होतं. पद्मिनीही हसली. पुढे गिरीशकडे गणपतीला गेलो तर तिने आख्खा प्रसंग करून दाखवला, हातात चमचा धरून, माझा आवाज काढून. "स्मॉल प्रॉब्लेम, सर! इकडे खडक आलाय आणि यांचं सर सर चाललंय!" गिरीशच्या बायकोच्या, नीना वहिनींच्या, डोळ्यांतून पाणी आलं हसून. मी ताटातला मोदक फोडत बसलो. गाडीत मी तिला म्हटलं, पुन्हा त्या रेडिओला हात लावणार नाही. ती म्हणाली, "एवढं काय हो, माणसं हसली की आपली होतात." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. संसाराच्या एकूण छत्तीस वर्षांतले ते दोन दिवस मी आता परत मागितले असते, पण मागायचेच तर आणखी एक गोष्ट आधी मागावी लागेल.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. आम्ही इंजिनावर चाललो होतो, पाणी तेलासारखं सपाट, दुपारचे साडेबारा. तिने सकाळी फोडणीचे पोहे खाल्ले होते. छातीत जळजळतंय म्हणाली. मी ओवा आणि गरम पाणी दिलं. मग म्हणाली, जबडा दुखतोय, दाढ असेल. मग सुकाणू माझ्याकडे दिलं आणि बाकावर आडवी झाली, आणि मी बघितलं की तिच्या वरच्या ओठावर घाम आहे. बोटीवर थंडी होती. मी म्हटलं, कुणाला बोलावू का? ती म्हणाली, "कशाला लोकांना त्रास. ॲसिडिटी आहे." हे वाक्य ती खरंच बोलली. नऊ महिने मी ते धरून बसलोय, कारण ते खरं आहे. फ्रायडे हार्बर चाळीस मिनिटांवर होतं, तिथे हॉस्पिटल आहे. मोबाइलला रेंज नव्हती, तेही खरं. मी बोट तिकडे वळवली आणि इंजिन जेवढं जाईल तेवढं जोरात सोडलं. चार पायऱ्या खाली रेडिओ होता. त्याचा आकडा मला वरून दिसत होता, सोळा, आणि ते लाल झाकणही. ते कशासाठी असतं हे मला माहीत होतं, तिनेच दाखवलं होतं. पण बटण दाबलं की हेलिकॉप्टर येणार, सगळा समुद्र ऐकणार, आणि निघाली ॲसिडिटी तर? म्हणून बोलायचंच ठरवलं, आणि मी वाक्य जुळवायला लागलो. माय वाइफ इज नॉट फीलिंग वेल. ते फार साधं वाटलं, यासाठी कोण बोलावतं. माय वाइफ इज हॅविंग चेस्ट पेन म्हटलं तर ते विचारणार, केव्हापासून, मग सांगावं लागेल की पाऊण तास झाला, मग ते म्हणणार इतका वेळ काय करत होतास. डिसकंफर्ट म्हणावं का. आणि नाव. आसावरी स्पेल करावं लागणार. ए, एस, ए, व्ही. मी ते मनात तीन-चार वेळा म्हणून बघितलं. बंदराच्या तोंडाशी तरंगणारा लाल बोया दिसायला लागला तेव्हा मला बरं वाटलं, की आता बोलायची गरज नाही. हे मी लिहितोय ते जसं वाटलं तसं लिहितोय. मला बरं वाटलं. धक्क्याला लागल्यावर मी मोठ्याने हेल्प म्हणून ओरडलो, ते मात्र जुळवावं लागलं नाही, आणि माणसं धावत आली. सगळ्यांनी सगळं केलं. अँब्युलन्स पाच मिनिटांत आली. डॉक्टर चांगले होते. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

इशिताला फोन मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून केला. ती म्हणाली, "तू कोस्ट गार्डला कॉल नाही केलास?" मी म्हटलं, रेडिओ लागला नाही. तीन शब्द, आणि ते जुळवावे लागले नाहीत. त्यानंतर ते मी लोकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की ते माझं राहिलंच नाही. बेलव्ह्यूला गिरीशच्या घरी दहाव्या दिवशी लोक जमले तेव्हा तो भिंतीपाशी उभा राहून कुणाला तरी सांगत होता, काय नशीब बघा, नेमका त्याच दिवशी रेडिओ बंद. नीना वहिनी माझ्यापुढे वरण-भाताचं ताट ठेवून म्हणाल्या, स्वतःला दोष देऊ नका हं भाऊजी. मी मान हलवली, आणि जेवलो. भूक लागली होती.

म्हणून डेल गेल्यावर मी जे केलं ते फार विचार करून केलं असं नाही. स्क्रूड्रायव्हर घेतला, पॅनलचे चार स्क्रू काढले, रेडिओच्या मागे जिथे अँटेनाची जाड वायर फिरवून बसवलेली असते ती फिरवून सैल केली, बाहेर ओढली आणि इतर वायरींच्या मागे ढकलली. पुन्हा पॅनल लावलं. पाच मिनिटांचं काम. मग नांगराची साखळी धुतली, मसाल्याच्या बाटल्यांवर नावं चिकटवली, भाजणीचा डबा कपाटात कोंबला. डेल स्वतः इशिताला कळवेल हे मला सुचलंही नाही. आणि हेही सुचलं नाही की परवा माझी मुलगी याच बोटीतून समुद्रावर जाणार आहे. म्हणजे सुचलं, पण नंतर, हळद बरणीतून बाटलीत ओतताना. मला वाटलं, निघण्याआधी परत जोडून टाकू. ती झोपली असेल तेव्हा.

ती अडीचलाच आली. पाठीवर मोठी पिशवी, केस कापलेले, पद्मिनीसारखीच चालते, पाय थोडे बाहेर टाकून. मला मिठी मारली आणि लांब धरून बघितलं. शिकागोत एका संग्रहालयात ती जुनी चित्रं दुरुस्त करते, माणसाकडेही तसंच बघते, कुठे रंग उडालाय ते. "बाबा, तू किती बारीक झालायस. यू लुक लाइक अ स्टिक." मी म्हटलं, जेवतो की. "काय जेवतोस? मेतकूट-भात? रोज?" मी म्हटलं, कधी कधी खिचडी. ती हसली. पिशवीतून डबा काढला. "कबीरने चिवडा दिलाय. त्यात बेदाणे आहेत. बेदाणे, बाबा! आईने मला त्याला डिव्होर्स द्यायला लावला असता." मीही हसलो. नऊ महिन्यांत मी असं हसलो नव्हतो, आणि हसताना माझं लक्ष पॅनलकडे होतं. तिने चहा केला, आईसारखा, पाण्यात आधी आलं. कपाटं उघडून बघितली, आईची वही हातात घेतली, काही पानं उलटली, तशीच खाली ठेवली. मग विचारलं, "तो टेक्निशियन आला होता? त्याने मला टेक्स्ट नाही केलं अजून."

"आला होता. म्हणाला, ओल असेल."

"म्हणजे अजून खराबच आहे?" असं म्हणत ती टेबलापाशी गेलीही. तिने रेडिओ लावला, आकडे उजळले, माइक उचलला आणि आईच्याच सुरात, फक्त अमेरिकन उच्चारात, रेडिओ चेक मागितला. बोटीचं नाव तिने इतकं सहज म्हटलं. काही आलं नाही. पुन्हा मागितला. नुसती खरखर. तिने माइक अडकवला आणि बाकावर बसली, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. मला वाटलं, झालं. पण ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, बाबा."

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

"मी त्याला रिपेअर करायला नव्हतं बोलावलं. आय वॉन्टेड टू नो." नाक पुसून म्हणाली, "त्या दिवशी फोनवर तुझा आवाज... लहानपणी तू प्रॉमिस मोडलंस की तसा आवाज यायचा तुझा. रेकॉर्ड लावल्यासारखा. मला वाटलं, रेडिओ चालू होता आणि बाबा घाबरला. सगळा विंटर मला तेच वाटत होतं. कबीरला म्हटलं, आय थिंक माय डॅड इज लाइंग. किती घाणेरडं आहे ना हे? तू इथे एकटा, आणि मी तिथे बसून असला विचार करत होते." तिने माझा हात धरला. तिचा हात गरम होता, चहाच्या कपामुळे. माझा हात तिच्या हातात होता आणि मला तो काढून घ्यावासा वाटत होता, आणि काढला तर तिला वाटेल मी रागावलो. ती माझी क्षमा मागत होती. मी ती देऊन टाकली असती तर इशिता ती घेऊन घरी गेली असती, आणि आयुष्यभर माझ्याशी थोडी जास्तच चांगली वागली असती.

मी उठलो. खणातून स्क्रूड्रायव्हर काढला. चारही स्क्रू काढले, एक हातातून पडला आणि टेबलाखाली गेला, तो शोधला नाही. वायर ओढून काढली आणि फिरवून बसवली. ती बघत होती. मी म्हटलं, "आता बोल."

ती बोलली. एका पुरुषाचा आवाज आला, आसावरी, लाउड अँड क्लिअर, हॅव अ गुड आफ्टरनून. तिने माइक लगेच खाली ठेवला नाही. "आज तू काढली होतीस वायर?" मी म्हटलं हो. "आणि त्या दिवशी?" मी म्हटलं, "त्या दिवशी जोडलेली होती." मग मी तिला सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसं. पोहे, ओवा, जबडा, चाळीस मिनिटं, वाक्य. मी मराठीत सांगितलं. मध्ये ती एकदाच बोलली, "तू स्पेलिंग करत होतास?" मी हो म्हटलं. आणि शेवटी मी सांगितलं की आई स्वतःच म्हणाली, कशाला लोकांना त्रास. मग तिने माझ्याकडे बघितलं, ते तसं, रंग उडालेली जागा बघावी तसं.

"दॅट्स ऑल शी सेड? चाळीस मिनिटांत तेवढंच?"

नाही म्हणता आलं असतं. बोटीवर तिसरं कुणी नव्हतं.

"नंतर एकदा म्हणाली," मी म्हटलं. "म्हणाली, अहो, बोलवा ना कुणाला तरी."

"आणि तू?"

"मी म्हटलं, दहा मिनिटं थांब. पोचतोच आपण."

"दहा मिनिटं होती?"

"पंचवीस होती."

ती चार पायऱ्या चढून वर गेली आणि धक्क्यावर उतरली. तिच्या उतरण्याने बोट जराशी हलली. मला वाटलं होतं, कधी सांगितलंच तर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी तिथेच बसलो. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा तिला हॅलो म्हणाला, तिने हॅलो म्हटलं, हवा छान आहे म्हणाला, तिने हो म्हटलं. ती गाडीकडे गेली नाही. धक्क्यावरच्या लाकडी पेटीवर बोटीकडे पाठ करून बसली. खिडकीतून मला तिची मान दिसत होती, कापलेल्या केसांखाली. तिला हाक मारायचा मला हक्क नव्हता. ऊन पेटीवरून सरकून पलीकडच्या बोटीवर गेलं, तरी ती उठली नाही. मग मागे न वळता, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मी येणार आहे परवा."

मी खिडकीजवळ सरकलो.

"तुझ्यासाठी नाही. आईला सूशाला जायचं होतं म्हणून. आणि परत आल्यावर गिरीशकाकांना तू सांगायचंस. सगळ्यांना. मी नाही सांगणार."

"बरं," मी म्हटलं.

मग तिने मला विचारलं की पाण्याचा नळ कुठला, आणि मी खिडकीतून हात काढून निळा दाखवला. तिने पाइप जोडला, नळ सोडला. मी वर आलो नाही. टाकीत पाणी पडायला लागलं. ती येणार होती. मला आनंद झाला, खराखुरा, छातीत भरून आल्यासारखा, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून मी खाली मान घालून बसून राहिलो.